वाड्यावरचे निळूभाऊ



आषाढी पौर्णिमेपासून आमच्या वसमतच्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू झाले. रात्री आठला त्रिशरण-पंचशील, मग तासभर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. दिवसभर खुरपण करून आलेल्या बाया भिंतीला टेकून बसतात, एखादीचा डोळा लागतो, तिला कोणी उठवत नाही. पुरुष मंडळी दाराजवळ. पोरेटोरे ओट्यावर, अर्धी आत, अर्धी बाहेर. वाचन झाले की कोणाची काही अडचण असेल तर ती बोलायची, असा आमचा रिवाज आहे. बहुधा रेशनचे कार्ड, नाही तर जातीच्या दाखल्याचे काम निघते.

परवा दहावीतली एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, "मी शिकवणीला जाते तेव्हा आपल्याच गल्लीतली पोरं पाराजवळ बसून मला बघून वाड्यावर बोलावल्याचं ते वाक्य म्हणतात. आवाज काढून म्हणतात. मी उद्यापासून शिकवणीला जाणार नाही."

विहारात क्षणभर कोणी बोलले नाही. मग ओट्यावरून फिस्सकन हसू ऐकू आले. एका पोराने उलट उत्तरही दिले, "काका, ते काय आमचं वाक्य हाय का? निळू फुलेचं हाय. मोबाईलवर समदेच म्हणतात. गंमत हाय."

तेवढ्यात कोपऱ्यातली एक आजी कडाडली. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. "गंमत? आरं तुह्या आजीला इचार वाड्यावर जानं काय आसतं ते! त्यो मुडदा मेला तवा मी म्हनलं व्हतं, बरं झालं!"

कोणता मुडदा, ते सर्वांना कळले. १३ जुलै २००९ ला पुण्यात निळू फुले गेले. घशाखालच्या अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले. आणि त्या दिवशी आमच्या वसमतमध्ये एका आजीने समाधानाने भाकरी खाल्ली. हे ऐकून आम्हांला हसावे की रडावे ते कळेना. ज्या माणसाने जन्मभर आजीच्या बाजूने उभे राहायची धडपड केली, त्याला आजी मुडदा म्हणते. आणि ज्याने वाड्याचा खोटेपणा उघडा केला, त्याचे नाव घेऊन आमचीच पोरे आमच्याच लेकीला वाड्यावर बोलावतात. म्हणून या वेळचे सदर निळूभाऊंवर.

आधी आजीची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. लग्न होऊन ती पूर्णा नदीकाठच्या एका खेड्यात आली, तेव्हा निजामाचे राज्य जाऊन काही वर्षे झाली होती. राज्य गेले, वाडा गेला नव्हता. पहाटे वाड्याच्या गोठ्यातले शेण काढायचे, अंगणात सडा टाकायचा, मागच्या दाराने जायचे आणि मागच्याच दाराने यायचे. भाकरी मिळायची ती वरून टाकलेली, पदरात झेलायची. ढाळजेत मालक लोडाला टेकून बसलेला असायचा. "त्यो कधी वरडत नव्हता," आजी सांगते. "हळूच बोलायचा. पायापासून वर बघायचा. तेवढ्यानंच आंगावर काटा यायचा." पुढे एका यात्रेतल्या तंबूत तिने सिनेमा पाहिला. (देवाला नव्हे, तंबूलाच गेली होती, हे ती आवर्जून सांगते.) सिनेमाचे नाव तिला आठवत नाही. पण पडद्यावर पांढऱ्या टोपीतला तो माणूस आला, बाईकडे पायापासून वर बघू लागला, आणि आजी तंबूत उभी राहून शिव्या देऊ लागली. लोक हसले. मालकाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हात धरून खाली बसवले.

वाचकहो, निळू फुले यांना याहून मोठी पावती कोणती? खेड्यापाड्यांत बाया आपल्याला बघून बोटे मोडतात, तोंडावर शिव्या घालतात, हे ते स्वतःच सांगत, आणि ते कामाचे कौतुक समजत.

आता हा माणूस होता कोण? पुण्याच्या गरीब घरातला. आडनाव फुले आणि पहिली नोकरीही माळ्याची. सैन्यदलाचे वैद्यकीय महाविद्यालय पुण्यात आहे, तिथल्या बागेत हा तरुण सतराव्या वर्षापासून झाडांना पाणी घालत होता. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये तो राष्ट्र सेवा दलाला देत असे. आपली स्वतःची रोपवाटिका असावी असे स्वप्न होते, भांडवल नव्हते, ते राहून गेले. आमच्या वस्तीत आजही पगारातले पैसे विहाराला देणारे सफाई कामगार आहेत. ऐंशीतले दहा म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाही तर कोणी पत्र लिहून विचारील. निळूभाऊ आपल्या चळवळीतले नव्हते. ते समाजवादी घराण्यातले, सेवा दलाचे. समाजवादी मंडळींशी आपले मतभेद जुने आहेत आणि ते या सदरात मिटणार नाहीत. पण माणूस ओळखताना झेंड्याचा रंग बघून थांबायचे नसते.

सेवा दलाचे कलापथक होते. गावोगाव जायचे, चावडीपुढे, शाळेच्या पटांगणात लोकनाट्य करायचे, त्यातून लोकांना शहाणे करायचे. आपल्या जलशांचीच ही भावकी. भीमराव कर्डकांचे जलसे ज्यांच्या आजोबांनी ऐकले, त्यांना हे लगेच समजेल. निळूभाऊ तिथे तयार झाले. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' मध्ये त्यांनी काम केले. पुढे शंकर पाटलांचे 'कथा अकलेच्या कांद्याची' हे वगनाट्य आले आणि त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. बरोबर राम नगरकर. नगरकर नाभिक समाजातले, त्यांनी आपल्या जातीच्या धंद्यातले अपमान 'रामनगरी' त हसत हसत सांगितले. एक माळी आणि एक न्हावी, दोघे मिळून पाटलाची आणि पुढाऱ्याची टोपी उडवत होते आणि गाव पोट धरून हसत होते. हसणाऱ्यांत पाटीलही असायचे, ही त्यातली खरी मजा.

१९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' मधला झेले अण्णा करून ते सिनेमात आले. वय तेव्हा चाळिशीला टेकत आलेले. नायकाचे नाक-डोळे नाहीत, रंग नाही, उंची नाही. मराठी पडद्यावर तोवर खलनायक म्हणजे पिळदार मिशा, मोठा आवाज, गडगडाटी हसणे. निळूभाऊंनी आवाज खाली आणला. शब्द ओढून ओढून बोलायचे, डोळे अर्धे मिटलेले, मान तिरकी. जो माणूस मालक आहे त्याला ओरडायची गरज पडत नाही, हे त्यांना माहीत होते. कुठून माहीत होते? गावोगाव फिरून. कलापथकाच्या मुक्कामात त्यांनी हे लोक जवळून पाहिले होते. आमच्या आजीने ढाळजेतून जाताना खाली मान घालून जे पाहिले, ते या माणसाने समोर बसून पाहिले आणि जसेच्या तसे पडद्यावर ठेवले. म्हणून आजी तंबूत उठून उभी राहिली. तिला नट दिसलाच नाही, मालक दिसला.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. सिनेमा काढणाऱ्यांना कळले की या माणसाने बाईकडे नजर टाकली की तंबूत शिट्ट्या पडतात. मग तोच पाटील, तोच सरपंच, तोच सावकार, पुन्हा पुन्हा. तमाशातली बाई, गरीबाची बायको, तिची अब्रू आणि शिट्ट्या. राग यायला हवा तिथे लोकांना गुदगुल्या होऊ लागल्या. निळूभाऊंचा यात काहीच दोष नाही असे आम्ही म्हणणार नाही. पोट होते, काम मिळत होते, त्यांनी केले. चांगले सिनेमे केले त्याच्या कितीतरी पट साधे सिनेमे केले. आज आमची पोरे मोबाईलवर बघतात ते त्या साध्या सिनेमांचे तुकडे. मागचे-पुढचे काही नाही, नुसती नजर आणि नुसते वाक्य.

पण १९७५ च्या सुमारास एक सिनेमा आला, 'सामना'. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, ज्यांनी पुढे बाबासाहेबांवरचा मोठा चित्रपट केला तेच. लेखन विजय तेंडुलकरांचे, निर्माते रामदास फुटाणे. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात १९७५ साली तो स्पर्धेत होता. यात निळूभाऊ झाले हिंदुराव धोंडे पाटील. हा जुन्या ढाळजेतला पाटील नव्हे. हा सहकारी साखर कारखान्याचा मालक बनून बसलेला नवा पाटील. शाळा त्याची, बँक त्याची, दारूही त्याची आणि दारूबंदीचे भाषणही त्याचेच. हा माणूस आमच्या भागाला नवा नाही. येलदरी आणि सिद्धेश्वरची धरणे झाली, पूर्णेचे पाणी कालव्याने वसमतच्या काळ्या रानात आले, ऊस उभा राहिला. ज्याच्या नावावर रान होते त्याच्या दारात जीप आली. ज्याच्या नावावर रान नव्हते त्याच्या हातात कोयता आला. पाणी एकच होते.

तर या हिंदुरावाच्या गावात एक दारुडा म्हातारा मास्तर येऊन पडतो. ते काम डॉ. श्रीराम लागूंचे. हिंदुराव त्याला गंमत म्हणून ठेवून घेतो, खाऊ घालतो, पाजतो. आणि मास्तरच्या कानावर एक नाव पडते. मारुती कांबळे. गावातला एक माणूस, नाहीसा झालेला. मास्तर विचारू लागतो, मारुती कांबळेचे काय झाले? कोणी बोलत नाही. ज्याला विचारावे तो मान फिरवतो. आणि ज्याच्यापुढे अख्खा तालुका वाकतो तो हिंदुराव या एका प्रश्नापुढे आतून ढासळत जातो. निळूभाऊंनी ते ढासळणे ज्या तऱ्हेने दाखवले आहे, ते पाहिल्याशिवाय त्यांना नुसते 'वाड्यावरचे' म्हणू नये. तीच तिरकी मान, तोच ओढलेला आवाज, पण आत भीती शिरलेली. मालकाच्या डोळ्यांतली भीती आमच्या आजीने कधी पाहिली नव्हती. ती याच माणसाने दाखवली.

कांबळे. हे आडनाव कोणाचे ते या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. 'सामना' नंतर तीनच वर्षांनी, १९७८ मध्ये, विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. त्यांचे काय झाले, हे विचारायला बाहेरून कोणी मास्तर यावा लागला नाही. आपल्याच लोकांनी सोळा वर्षे विचारले, तेव्हा १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

आमच्या मनात या सिनेमाबद्दल एक खंत मात्र आहे. मारुती कांबळेबद्दल सगळे बोलतात, त्याच्या घरच्यांना फारसे कोणी ऐकत नाही. प्रश्न विचारणारा बाहेरचा, उत्तर देणारा वाड्यावरचा. मराठी सिनेमात आपला माणूस बराच काळ असाच होता, एक तर दारात हात जोडून उभा, नाही तर मेलेला. त्याला स्वतःचे तोंड मिळायला पुढे फार वर्षे गेली. २०१४ साली 'कोर्ट' नावाचा सिनेमा झाला, त्यातही एक कांबळे आहे, नारायण कांबळे, शाहीर. तो स्वतः गातो, स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. ते काम केले नागपूरच्या वीरा साथीदार यांनी, जे खऱ्या आयुष्यातही चळवळीतले होते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. मारुती कांबळे ते नारायण कांबळे, चाळीस वर्षे. वीराभाऊंवर पुढे कधी तरी स्वतंत्र लिहू.

निळूभाऊंची बाकीची कामे थोडक्यात सांगतो. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकात ते सखाराम झाले; नाटकावर बंदी आली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. 'सिंहासन' (१९७९) मध्ये तर त्यांनी टोपी काढून ठेवली आणि दिगू टिपणीस नावाचा पत्रकार केला, सगळ्या पुढाऱ्यांची लबाडी जवळून बघणारा. हिंदीत 'कुली', 'मशाल', 'सारांश'. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. हिंदीतल्या पैशाने ते मुंबईकर झाले नाहीत, पुण्यातच राहिले.

पडद्याबाहेरचा हिशेब आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. सामाजिक कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटावी, त्यांना दरमहा काही मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी डॉ. लागू, निळूभाऊ आणि इतर नामवंत नटमंडळींनी 'लग्नाची बेडी' चे प्रयोग गावोगाव केले. तिकिटाचे पैसे निधीला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही हे दोघे उभे राहिले. म्हणजे पडद्यावर ज्या हिंदुरावाची आणि मास्तरची झुंज, ते दोघे बाहेर एकाच चटईवर. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घालून मारण्यात आले. ते पाहायला निळूभाऊ नव्हते.

हे सगळे आम्ही त्या रात्री विहारात सांगितले नाही. सांगून पोरे ऐकत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. त्याऐवजी पुढच्या शनिवारी वाचन झाल्यावर विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधली, एका शिक्षक बंधूंनी प्रोजेक्टर आणला, आणि 'सामना' लावला. पाराजवळच्या पोरांना मुद्दाम पुढे बसवले. त्यांच्या आयांना त्यांच्या मागे. ती दहावीतली मुलगी आजीजवळ बसली होती.

पहिला अर्धा तास पोरे निळूभाऊ दिसले की एकमेकांना कोपर मारत होती. एकाने आवाज काढला, तर त्याच्या आईने मागून डोक्यात टपली मारली. मग मारुती कांबळेचे नाव आले. आमच्या गल्लीत कांबळे आडनावाची सात घरे आहेत. कोपर मारणे हळूहळू थांबले. सिनेमा जुना, काळा-पांढरा, आवाज मधूनच फाटत होता, दोनदा लाईट गेली. तरी कोणी उठले नाही.

आजी मात्र सारखी पुटपुटत होती. आम्हांला वाटले शिव्या देते आहे. जवळ जाऊन ऐकले तर म्हणत होती, "भ्यालं बघ. भ्यालं बघ मालक."

संपल्यावर त्याच पोराने, ज्याने गंमत म्हटली होती, विचारले, "आजी, तुमच्या गावात असं कुनी नाहीसं झालं व्हतं का?"

आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "व्हतं की. माह्या सासऱ्याचा चुलतभाऊ. इहिरीवर पानी भरलं म्हनून बोलावनं आलं वाड्यावरून. गेला, तो आलाच न्हाई. आमी म्हनायचो मुंबईला गेला आसंल."

"मग काय झालं त्याचं?"

"इचारलं कुनी?"

पोरगी वही घेऊन आली होती, शिकवणीची. तिने मागच्या पानावर त्या माणसाचे नाव लिहून घेतले, गाव लिहून घेतले, आणि साल आजीला सांगता येईना म्हणून धरण व्हायच्या आधी की नंतर, ते विचारू लागली. रात्रीचे साडेअकरा झाले होते. चादर सोडायला दोन पोरे खुर्चीवर चढली होती, तीही तशीच उभी राहून ऐकत होती.